गृहीतकांचं पान

आपल्या देशात गणिताला जितका मान आहे तितका दुसऱ्या कुठल्याही विद्येला नाही. शून्याचा विषय निघाला की माणसं खुर्चीत ताठ होतात. गणितज्ञ म्हणून कोणाची ओळख करून दिली की यजमान हात जोडतात, दोन पावलं मागे सरकतात आणि म्हणतात, "आमचं गणित लहानपणापासून कच्चं हं." हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जो कृतार्थ भाव असतो तो मी पुष्कळ वर्षं पाहते आहे. "मला वाचता येत नाही" असं या सुरात कोणी सांगत नाही. मान मोठा असतो यात शंका नाही. फक्त दोन पावलं मागून कागदावरचं दिसत नाही, आणि मान देणाऱ्याला ते दिसायला नकोच असतं.

माझे सर नियंत्रणाचं गणित शिकवायचे. दिल्लीतल्या एका सरकारी संशोधन संस्थेत त्यांची सगळी नोकरी झाली आणि तिथेच त्यांच्या हाताखाली मी पीएच.डी. केली. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तिथले लोक बाकी काही नाही तरी पत्रं पाठवण्यात तरबेज आहेत. सरांचंही लिहीत नाही. त्यांचं नाव एकदा चुकीच्या मजकुराखाली पितळेत कोरलं गेलं, तेवढं पुरे आहे.

त्यांचा विषय काय, असं कोणी विचारलं तर ते आधी शर्टाची बाही कोपरापर्यंत वर सारायचे. "डिफरन्शियल इक्वेशन म्हणजे जगाची बातमी. आत्ता अमुक इतकं आहे, तर पुढच्या क्षणी किती वेगानं बदलेल, एवढंच ते सांगतं. आम्ही विचारतो, बातमी कळली, आता तुमचा हात कुठवर पोचतो?" इथे ते हात लांब करून समोरच्याच्या चहाच्या कपापाशी नेत. "पोचत असेल तर कसा फिरवायचा ते सिद्ध करा. पोचत नसेल तर तसं सिद्ध करा आणि गप्प बसा." दिल्लीत या शेवटच्या वाक्याला गिऱ्हाईक नव्हतं.

ज्याचा विषय नियंत्रण त्याचाच स्वतःवर ताबा नाही, हा विनोद आपणच पहिल्यांदा केला असं संस्थेत रुजू होणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं. सर चिडायचे हे खरं. पण कशावर चिडायचे याकडे कोणी लक्ष दिलं नाही. उशिरा येणाऱ्यावर ते चिडत नसत. मूर्ख प्रश्नावर तर नाहीच, त्यावर त्यांचा चेहरा उजळायचा. माझ्या हातून त्यांच्या चार महिन्यांच्या हस्तलिखितावर चहा सांडला तेव्हा ते "सुकेल" एवढंच म्हणाले होते. त्यांचा आवाज चढायचा तो कोणी अट गाळून निष्कर्ष सांगितला की. "मेट्रोनं फरीदाबादहून पन्नास मिनिटं लागतात," असं कोणी सहज बोललं की सर तोफेसारखे वळायचे. "गाडी बदलायचा वेळ धरून की न धरता? आणि फरीदाबाद म्हणजे कुठलं स्टेशन? फरीदाबाद काय तुमच्या घराचं नाव आहे?"

ते स्वतः त्याच मेट्रोनं यायचे. बसायला जागा मिळाली तरी दारापाशी उभे राहायचे, खांब न धरता, आणि प्रत्येक स्टेशनला ब्रेक लागला की डोळे मिटून अंगावर घ्यायचे. संस्थेत आल्यावर सांगायचे, "आज शेवटचा झटका कमी केलाय लेकाच्यांनी. कोणीतरी अभ्यास केलाय." परक्या माणसाचं असं मोकळं कौतुक करताना मी त्यांना दुसऱ्या कुठल्याही प्रसंगी पाहिलं नाही.

विद्यार्थ्यांना ते अहो-जाहो करायचे. सकाळी खोलीत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला: "काय, आज प्रारंभिक स्थिती काय?" याचं उत्तर "बरी आहे, सर" असं दिलेलं चालायचं नाही. झोप किती झाली, नाश्ता केला की नाही, घरून फोन आला होता का, हे सांगावं लागायचं. एकदा एक लेम्मा, म्हणजे मोठ्या प्रमेयाआधीचं छोटं प्रमेय, तपासायला नेला तेव्हा मी म्हटलं, "सर, याचा लेम्माशी काय संबंध?" तर म्हणाले, "समीकरण तेच असलं तरी सुरुवात वेगळी असली की वाट वेगळी होते. उपाशी पोटी सुरू केलेला लेम्मा मी तपासणार नाही. जा, पराठा खाऊन या."

त्यांच्या फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये गीझर एका टोकाला आणि नळ दुसऱ्या टोकाला होता. दिल्लीच्या जानेवारीत ही मोठी गोष्ट असते. नळ फिरवल्याचा परिणाम पाण्यात उशिरा उतरायचा. पाहुणा गार पाणी म्हणून नळ आणखी फिरवायचा, मग एकदम कढत पाणी यायचं, तो घाबरून उलटा फिरवायचा, की पुन्हा बर्फ. सरांनी बाथरूमच्या दारावर आतून कागद चिकटवला होता: "नळ फिरवल्यावर अकरा सेकंद थांबावे. त्यानंतर मत बनवावे." कोणी पाहुणा आत ओरडला की सर बाहेरून विचारायचे, "झालं का दोलन सुरू?" आणि स्वयंपाकघरातून काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणायच्या, "अहो, त्यांना अंघोळ तरी करू द्या! बिल्कुल कळत नाही यांना." माझ्या प्रबंधाचा विषय त्या बाथरूमनं दिला. खबर उशिरा पोचत असेल तर नियंत्रणाचं काय होतं, यावर मी साडेचार वर्षं घालवली.

पण सरांची खरी खोड वेगळी होती. ते काहीही लिहायचे त्याचं पहिलं पान गृहीतकांचं असायचं. वर मथळा, खाली क्रमांक घालून अटी, आणि उरलेलं पान कोरं. निष्कर्ष दुसऱ्या पानापासून. एकच अट असली, अर्ध्या ओळीची, तरी पान तिचं. "गृहीतकाला शेजार नको," ते म्हणायचे. "शेजारी निष्कर्ष येऊन बसला की लोक त्याच्याकडेच बघतात." रजेचा अर्जही असाच. पहिल्या पानावर: "१. मुलीचे लग्न ठरल्या दिवशी होईल." दुसऱ्या पानावर रजा. संस्थेतल्या सेक्शन ऑफिसरनं तो अर्ज बरीच वर्षं पाहुण्यांना दाखवायला ठेवला होता.

एकदा कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या अतिथीगृहात दिल्लीतल्या मराठी मंडळींनी त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि मानपत्रात "गणितमहर्षी". सूत्रसंचालक बाईंनी सरांचं कार्य "अथांग" असल्याचं सांगितलं, म्हणजे त्यांना ते माहीत नव्हतं. सर उत्तराला उठले. खिशातून कागद काढला. "सत्कार स्वीकारतो. गृहीतकं दोन. एक, इथे कोणीतरी माझं काही वाचलं आहे." ते थांबले. सभागृहातही शांतता होती. "हे गृहीतक पडलं. तेव्हा दुसरं वाचत नाही." आणि शाल घडी घालून खुर्चीवर ठेवून खाली बसले. काकू मला हळूच म्हणाल्या, "नारळ तरी घ्यायला सांग गं, घरात नाहीये."

मंडळी दुखावली. मलाही तेव्हा ते उर्मट वाटलं होतं. आता वाटत नाही. आता मला दुसरं गृहीतक काय होतं ते विचारायला हवं होतं असं वाटतं.

मग सभागृह आलं. सर तोवर निवृत्त झाले होते, पण संस्थेतल्या एका खोलीत रोज येऊन बसत.

संस्थेचा संचालक हा सरांचा एके काळचा विद्यार्थी. लखनौचा, गोड बोलणारा, सरांना वाकून नमस्कार करणारा. गणित त्यानं कधीच सोडलं होतं, पण ते त्याचं मूळ गाव असल्यासारखा त्याचा अभिमान बाळगून होता. त्यानं संस्थेत नवं सभागृह बांधलं. पत्रिकेत त्याचं वर्णन "श्वास घेणारं सभागृह" असं होतं. रचना अशी: छताजवळ लोखंडी पात्यांच्या मोठ्या झडपा, एकदम उघडणाऱ्या, एकदम मिटणाऱ्या. आत माणसं जमली, त्यांच्या उच्छ्वासानं हवा कोंदली की सेन्सर सांगणार, उघडा. बाहेरून धूळ आणि धूर येऊ लागला की झडपेपाशीच बसवलेला दुसरा सेन्सर सांगणार, बंद करा. बाकी सगळं काम संगणक बघणार.

संचालकानं सरांना बोलावलं, म्हणून मीही गेले.

"सर, बस एक छोटा-सा सर्टिफ़िकेट चाहिए. गणितीय स्थिरता का. ऊपर वालों को अच्छा लगता है."

सरांनी आराखडा पाहिला. चाळीस वर्षं दिल्लीत काढूनही त्यांचं हिंदी काल स्टेशनवर उतरल्यासारखं होतं. "झडप एक है और काम दो. नवंबर में हॉल भर गया, तो अंदर वाला बोलेगा खोलो, बाहर वाला बोलेगा बंद करो. तुम मेरे को बताओ, वो किसकी सुनेगी?"

"सर, सिस्टम इंटेलिजेंट है."

"तो फिर पागल हो जाएगी."

संचालक मनापासून हसला. सर हसले नाहीत. त्यांनी पेन काढून आराखड्यावरच दाखवलं: आत येणाऱ्या हवेला एक गाळणी आणि तिच्यामागे वेगळा चालणारा पंखा. "मग हात दो हो जाएँगे. दो काम, दो हाथ. बस, इतना ही."

"सर, डिज़ाइन तो फ़्रीज़ हो चुका है. उद्घाटन की तारीख़ भी आ गई."

"तो मैं साइन नहीं करूँगा."

दाराशी निरोप देताना संचालक माझ्याकडे वळला. आवाज तितकाच गोड. "बेटा, आपका वाइवा भी तो अटका हुआ है ना? चिंता मत कीजिए. सर की फ़ाइल निकल जाए, पीछे-पीछे आपकी भी निकल जाएगी."

माझी तोंडी परीक्षा चार महिने अडली होती, कारण कोणत्या तरी परीक्षकाचं संमतीपत्र कुठल्या तरी टेबलावर होतं. गुरुग्रामच्या एका कंपनीनं मला नोकरी देऊ केली होती, पदवीचा कागद तीन महिन्यांच्या आत दाखवायच्या बोलीवर. वसतिगृहाची मुदत संपली होती. हे सगळं संचालकाला ठाऊक होतं. तो रागावला असता, धमकी दिली असती तर निदान मला त्याचा तिरस्कार तरी करता आला असता. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

रविवारी मी फरीदाबादला गेले. काकूंनी पोहे पुढे ठेवले. मी बशी हातात धरून म्हटलं, "सर, सही करा ना. एक सहीच तर आहे. कोण वाचतंय?"

सरांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "तुमच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण काय म्हणतं?"

मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा. काकूंनाही कळू दे."

"दोन अटी सांभाळायच्या आहेत, हात एकच आहे, आणि खबर उशिरा पोचते. अशा वेळी दोन्ही अटींना चालेल अशी हाताची एकही जागा नसेल, तर यंत्रणा कधीच स्थिरावत नाही. हेलकावत राहते."

"म्हणजे त्यांचं सभागृह. ते स्थिर आहे असं मी लिहून दिलं तर तुमचं तिसरं प्रकरण खोटं ठरतं. मग तुमची परीक्षा कशावर घ्यायची? चौथ्यावर? ते तिसऱ्यावर उभं आहे."

मला रडू आलं. पोहे गार झाले. मी संतापले होते, सरांवर. यांचं काय जातंय, असं मनात आलं. यांची पेन्शन ठरलेली, घर झालेलं, मुलगी दिलेली. अट पाळायची चैन यांना परवडते.

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाही वर सारली. "थांबा. खोटं लिहिता येत नाही. पण खरं लिहिता येईल का, ते बघू. लॅपटॉप उघडा."

त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. पहिलं पान: "गृहीतके. १. बाहेरील हवेतील धूळ ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा कमी आहे, अथवा २. सभागृहात कोणी नाही." आणि दुसऱ्या पानावर: "वरील गृहीतकांनुसार यंत्रणा स्थिर आहे." खाली हिंदी आणि इंग्रजी तर्जुमा, खाली सही. प्रमेय बिनचूक होतं. बाहेरची हवा स्वच्छ असेल तर झडप उघडीच राहील, सभागृह रिकामं असेल तर बंदच राहील. भांडण नाही.

काकू चष्मा पुसत मागे उभ्या होत्या. त्या केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून निवृत्त झाल्या होत्या. "अहो, एक सांगू? अट आणि सही एकाच पानावर घ्या. बत्तीस वर्षं फायली हाताळल्यात मी. पहिलं पान नेहमी हरवतं."

"गृहीतकाला शेजार नको."

"अच्छा, मग सही तरी दोन्ही पानांवर करा."

"गृहीतकावर सही कोण करतं? निष्कर्ष माझा आहे. गृहीतक माझं नाही, ते हवेचं आहे."

"चलो, तुमची मर्जी," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

पान तोडणारी, म्हणजे निष्कर्ष नव्या पानावर ढकलणारी कळ मी दाबली होती. काकूंचं बरोबर आहे हे मला कळत होतं. अट वेगळ्या पानावर असली तर संस्थेतली फाईल जास्त सहज सरकेल हेही कळत होतं. या दोन गोष्टी मी त्या दुपारी एकमेकींच्या शेजारी येऊ दिल्या नाहीत.

पुढचं वेगळं सांगायला नको. आठवड्याभरात माझ्या परीक्षकाचं संमतीपत्र सापडलं. परीक्षा झाली. तिसऱ्या प्रकरणावर परीक्षकांनी खास अभिनंदन केलं.

उद्घाटन नोव्हेंबरच्या मध्यावर झालं, म्हणजे ज्या दिवसांत दिल्लीत समोरची इमारत दिसली तर लोक एकमेकांना दाखवतात. सभागृह खचाखच भरलं होतं. विद्यार्थ्यांची हजेरी घेतली होती. मंचामागच्या पडद्यावर दोन आकडे, आतल्या हवेचा आणि धुळीचा. दीप लागला, वंदना झाली, आणि प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले तेवढ्यात झडपा धाडकन उघडल्या. धूर आत आला. धाडकन मिटल्या. हवा कोंदली. धाडकन उघडल्या. पाहुणे म्हणाले, "देखिए, यह भवन सचमुच साँस ले रहा है," आणि टाळ्या पडल्या. सर तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपाशी धरून बसले होते. "एक्केचाळीस सेकंद," ते कुजबुजले. "तुमच्या प्रकरणात किती आले होते?"

"चव्वेचाळीस, सर."

"छान. फार छान." त्यांचा चेहरा ब्रेक चांगला लागल्यासारखा झाला होता.

पाऊण तासानं एक पातं बिजागरीतून निसटलं आणि खाली आलं. माइक सांभाळणाऱ्या माणसाचं मनगट मोडलं. गोंधळात सगळे दाराकडे निघाले, आणि दारापाशी, आदल्या दिवशी बसवलेली पितळी पाटी होती. "यंत्रणा स्थिर आहे." खाली सरांचं नाव, सगळ्या पदव्यांसकट. दुसऱ्या पानाची हुबेहूब नक्कल, फक्त "वरील गृहीतकांनुसार" हे दोन शब्द नव्हते, कारण वर काही नव्हतंच.

सर तिथे उभे राहिले. मागून लोक ढकलत होते. मी त्यांना चिडताना शेकडो वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी पाटीवर सहीच्या वरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि तिथेच धरून राहिले.

सेक्शन ऑफिसरला मी दुसऱ्या दिवशी गाठलं. तो वाईट माणूस नव्हता, हे मला आजही मान्य करावं लागतं. "मैडम, अगर-मगर वाला सर्टिफ़िकेट फ़ाइल में नहीं चलता. ऑडिट पूछता है, अगर क्यों, मगर क्यों. मैंने तो बस साफ़ किया." त्यानं खरोखरच आवरासावर केली होती. आपण टेबल पुसतो तशी.

संचालकानं चौकशी समिती नेमली. माझ्याकडे टाइप केलेली मूळ फाईल होती, दोन्ही पानं, तारखेसकट. पण माझ्या पदवीची अधिसूचना निघायला नऊ दिवस होते आणि तीवर सही संचालकाची होती. मी नऊ दिवस थांबले. दहाव्या दिवशी समितीकडे गेले. समितीनं आठव्या दिवशीच अहवाल दिला होता: यंत्रणा "गणितीय प्रमाणपत्रावर पूर्ण विसंबून" कार्यान्वित करण्यात आली. माझा कागद त्यांनी तरीही घेतला, आणि पंधरवड्यानं उत्तर आलं की सादर केलेल्या पहिल्या पानावर कोणाचीही सही नाही, सबब ते विचारात घेता येत नाही.

मी हे सरांना जाऊन सांगितलं. नऊ दिवसांचंही.

"किती म्हणालात?"

"नऊ, सर."

"हं." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काही दिसत नव्हतं. "सांगितलंत ते बरं केलंत. बसा. पत्र टाइप करायचंय."

सेवानिवृत्तांना संस्थेत बसायला मिळते ती खोली सरांकडून काढून घेतली गेली. त्यात आता उन्हाळ्याचे कूलर ठेवतात. त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. वर्तमानपत्रात "गणितज्ञाची चूक" असं आलं, त्याबद्दलही नाही. पुढची दोन वर्षं त्यांनी एकच गोष्ट मागितली: पहिलं पान परत लावा. यंत्रणा दुरुस्त करा असं म्हणत नाही, माफी मागा असं म्हणत नाही. माझ्या नावाखाली अर्धं वाक्य लटकतंय, ते पुरं करा.

संस्थेला हे कळेना. आरोप करणाऱ्या म्हाताऱ्यांना कसं हाताळायचं याची तिथे व्यवस्था होती. अट मागणाऱ्या म्हाताऱ्याची नव्हती. सर माहितीच्या अधिकारात अर्ज करायचे. "बाहेरील हवा स्वच्छ आहे असे गृहीत धरण्याचा निर्णय कोणत्या बैठकीत झाला, कृपया कळवावे." उत्तर यायचं: "अशी कोणतीही बैठक झाल्याची नोंद आढळत नाही." सर ते उत्तर जपून ठेवायचे. "बघा," ते म्हणायचे, "एकदा तरी खरं बोलले." प्रत्येक अर्जाचं पहिलं पान अर्थातच गृहीतकांचं असायचं. काकू ते पान स्वतः टाचणी मारून, वर स्टेपल मारून, मग कडेनं डिंक लावून जोडायच्या.

दुसऱ्या हिवाळ्यात सर गेले. छातीत कफ झाला, चार दिवस रुग्णालयात होते. तिथेही ऑक्सिजनच्या नळीकडे बघून नर्सला विचारत होते की फिरवल्यावर किती वेळानं कळतं. तिनं "अंकल, आराम कीजिए" असं सांगितलं.

शोकसभा त्याच सभागृहात झाली. यंत्रणेची तार काढून ठेवली होती. नऊ भाषणं झाली, आणि त्यांतल्या सातांत "तत्त्वनिष्ठ" हा शब्द आला. कुठलं तत्त्व, हे एकानंही सांगितलं नाही. जुन्या संचालकाला आता वरची जागा मिळाली होती. तो खास आला, डोळे पुसले, आणि म्हणाला की सरांनी आपल्याला गणित नव्हे, जगणं शिकवलं. मला तेव्हा उठून ओरडायचं होतं की नाही हो, त्यांनी गणितच शिकवलं होतं, तुम्ही ते शिकला नाहीत. मी उठले नाही. मी गुरुग्रामहून अर्धा दिवस रजा टाकून आले होते आणि पांढरा कुर्ता घालून सभ्यपणे बसले होते.

नव्या संचालकानं जाहीर केलं की सभागृहाला सरांचं नाव देण्यात येईल. टाळ्या वाजवायच्या की नाहीत हे कोणाला कळेना. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या उठल्या, माइकपाशी गेल्या आणि हिंदीत, फाईलवर टिपण लिहितात तशा स्पष्ट शब्दांत म्हणाल्या, "नाम की ज़रूरत नहीं है. नाम आप पहले ही लगा चुके हैं. पहला पन्ना लगा दीजिए."

त्यानंतर काकू सात महिने संस्थेत चकरा मारत होत्या. कुठल्या टेबलावर काय म्हणायचं, कोणाला कोणत्या वारी भेटायचं, हे त्यांना सरांपेक्षा पुष्कळ जास्त कळत होतं. "यांना वाटायचं खरं असलं की पुरतं," त्या मला मेट्रोत म्हणाल्या. "खरं पण फायलीतून वर रीतसर पुटअप करावं लागतं गं." एका सोमवारी त्यांचा फोन आला: मंजूर झालं.

मी पाहून आले. पाटी छान आहे, पितळीच, मोठ्या अक्षरांत. गृहीतके, क्रमांक एक, क्रमांक दोन, खाली उरलेली पाटी कोरी. काकूंनी तेवढी कोरी जागा मोजून घेतली होती. दर्शनी भिंत मान्यवरांच्या छायाचित्रांनी भरलेली असल्यामुळे ती मुख्य दाराच्या मागे, आतल्या भिंतीवर बसवली आहे. दार लावलं की पूर्ण वाचता येते. यंत्रणा बंद केल्यापासून आत हवा यावी म्हणून ते दार दिवसभर वीट लावून उघडं ठेवतात.